चांदव्यावरची रिकामी जागा

जळगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. खांद्यावर कपड्यांची पिशवी होती आणि छातीशी जुन्या धोतरात गुंडाळलेला चांदवा. देवाच्या डोक्यावर छतासारखं बांधतात ते हे कापड. अठरा वर्षांपूर्वी मी तो याच स्टेशनावरून पुण्याला नेला होता, 'महिन्याभरात फोटो काढून परत आणतो' असं सांगून.

मी जुन्या सतरंज्या, जाजमं, भरतकामाची कापडं जमवतो. लोक मला अभ्यासक म्हणतात आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. हा चांदवा इतकी वर्षं माझ्या बैठकीच्या खोलीत काचेमागे होता. मागच्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्याने चौकट उतरवली आणि मागे चिकटवलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'कानबाईच्या आधी परत', आबांच्या अक्षरात. आबा म्हणजे ज्या घरातून मी चांदवा आणला, त्या घरचे कर्ते. ती चिठ्ठी तिथे मीच चिकटवली होती. म्हणजे मी विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नव्हती. 'त्यांच्याकडे कसर लागली असती, माझ्याकडे निदान टिकलं,' असं मी स्वतःला सांगत आलो होतो. या वेळी ते सांगता आलं नाही. कानबाई ही खानदेशातली घरोघरची देवी, श्रावणातल्या रविवारी बसते. मी त्याआधीच्या गुरुवारी सकाळी पोहोचवणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं.

स्टेशनाजवळच्या बाजारात एका मारवाडी शेठजींचं सतरंज्यांचं दुकान आहे. त्या घराची वाट मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली होती. ते दुकान उघडत होते. मला पाहून त्यांचा हात कुलपावरच थांबला.

"तुम्ही? तुम्ही तर वारलात ना?"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"आबांच्या घरची अक्काच सांगते सगळ्यांना," ते म्हणाले. "पुण्याचा तो माणूस मेला असणार, नाहीतर देवीचं कापड कुणी ठेवून घेतं का! चहा घ्या. मेलेल्या माणसाला चहा पाजायची ही पहिलीच वेळ."

चहा गोड होता. आबा चार वर्षांपूर्वी गेले, हेही तिथेच कळलं. मला कुणी चोर म्हटलं असतं तर मी तयारीत होतो. माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून एका म्हातारीने मला मारून टाकलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पारोळ्याची बस माझ्या डोळ्यांदेखत सुटली. केळी घेऊन धुळ्याकडे निघालेल्या एका पिकअपवाल्याने मला पुढे बसवून घेतलं. मागे हिरवे घड, मध्ये मी, आणि दाराशी एक ताजा कापलेला घड, त्याच्या दांड्यातून चीक ठिबकत होता.

"काय आहे गाठोड्यात?"

"कापड. जुनं आहे."

"मग पोटाशी धरा, साहेब. केळीचा डाग माणूस जातो पण जात नाही. हा माझा शर्ट बघा, लग्नातला होता." त्याने छातीवरचे काळे ठिपके अभिमानाने दाखवले.

एरंडोलच्या पुढे कपाशी लागली. काळी जमीन, कपाशीच्या सरळ ओळी, मध्येच गुडघाभर ज्वारी. पारोळ्याच्या पुढे बोरी नदीच्या काठावरच्या फाट्यावर त्याने मला सोडलं. तिथून गाव दीड किलोमीटर. तेवढ्या अंतरात मी तीनदा थांबलो आणि तीनदा पुन्हा चालायला लागलो.

अक्का ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. कानबाईच्या रोटासाठी (देवीच्या नैवेद्यासाठी) हे गहू वेगळे काढतात. नजर अधू झालेली, पण बोटं भराभर चालत होती.

"कोन शे?"

मी नाव सांगितलं. बोटं थांबली.

"तू जित्ता शे?" (तू जिवंत आहेस?)

"हो, अक्का."

"आसं." त्यांनी मुठीतले गहू सुपात टाकले. मग म्हणाल्या, "जित्ता राहता तं लई येता, आसं मी बठ्ठासले सांगं." (जिवंत असता तर घेऊन आला असता, असं मी सगळ्यांना सांगितलं.) "आते मले खोटी पाडी तू." (आता मला खोटी पाडलीस तू.)

मी कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. तांबडा जाडाभरडा चांदवा उलगडला. अक्का त्यावरून हात फिरवू लागल्या. कोपऱ्यात मोट ओढणारे बैल, मग गुळाचं एक चुलवण, एक शिलाई मशीन, आणि मधोमध डबे जोडलेलं वाफेचं इंजिन. इंजिनावर त्यांचा हात थांबला. "हाई मी," त्या म्हणाल्या. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते, हे मला तेव्हा कळलं. या घराची रीत अशी, की लग्न होऊन आलेली प्रत्येक सून पहिल्या श्रावणात आपल्या माहेरची एक खूण या चांदव्यावर भरते. हे सगळं मी अठरा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. त्या वेळी मी फक्त टाक्यांचे प्रकार लिहून घेतले होते.

हात खालच्या कडेला आला.

त्यांनी कापड उलटं केलं आणि मागची बाजू चाचपली. "हाई कोनी भरं? आठे जागा व्हती." (हे कोणी भरलं? इथे जागा होती.)

होती. वीतभर रुंदीची कोरी पट्टी होती. चौकटीत ती अर्धवट दिसेल, म्हणून मी पुण्यातल्या एका निष्णात कारागिराकडून तिच्यावर तीन पोपट आणि वेल भरून घेतले होते. पाहुणे नेमकं त्या पोपटांचंच कौतुक करत.

"मीच भरून घेतलं, अक्का. मला वाटलं, काम अपुरं राहिलंय."

"अपुरं?" त्या हसल्या, पण ते हसू मला नको होतं. "घर शे ते. घर कधी पुरं व्हस का?"

दारात त्यांची नातसून केव्हाची येऊन उभी होती. प्रतीक्षा, माहेर दीपनगर, लग्नाला सात महिने. तिच्याआधी आलेल्या दोन जावा श्रावणात काहीच न भरता सुरतेला आणि नाशिकला गेल्या होत्या. रविवारी सगळे भाऊबंद जमणार होते, त्याही येणार होत्या. त्या तिघींच्या जागेवर माझे पोपट बसले होते.

"मी उसवतो," मी म्हणालो. "रविवारच्या आधी."

"तूच उसव," अक्का म्हणाल्या. "पातं लावू नको. सुईवर टाका उचल, मंग वढ."

पण आधी त्यांनी जेवायला बसवलं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कढी आणि फुनके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे). मी दुसरी भाकरी नको म्हटली तर अक्का प्रतीक्षाला म्हणाल्या, "वाढ त्याले. मरेल मानूस मना समोर पहिल्यांदाच जेवी राहिना." (मेलेला माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच जेवतोय.) प्रतीक्षा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुपारपासून ओट्यावर बसलो. अठरा वर्षं मी भरतकामावर बोलत आलो होतो, पण हातात सुई अशी कधीच धरली नव्हती. कारागिराचं काम इतकं घट्ट, की एका पंखाला तास गेला. तो कारागीर आता नाही. त्याचं चांगलं काम माझ्याच हातांनी मोडत होतो, तेही माझ्याच चुकीमुळे. तिसऱ्या पोपटाशी मी घाई केली आणि जुन्या कापडाला बोटभर चीर गेली. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांना दिसलं नव्हतं, पण ऐकू गेलं होतं.

"फाटनं?"

"हो."

"मंग सांगाले काय वेळ लागस?"

शुक्रवारी दुपारी शेवटची वेल निघाली. अक्कांनी पाण्याचं बोट लावून नखाने कापड घासलं. भोकं बरीच मिटली, काही राहिली. चीर त्यांनी आतून ठिगळ लावून शिवायला प्रतीक्षाला सांगितली. गावात मिळणारा चकचकीत दोरा त्यांना चालेना, म्हणून मी बसने धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर चार दुकानं पालथी घातल्यावर जाड सुती दोरा मिळाला. काळा, राखाडी, लाल आणि पिवळा. संध्याकाळी परतलो तेव्हा प्रतीक्षाने खडूने आकार काढून ठेवला होता: दीपनगरच्या वीजकेंद्राची दोन उंच धुराडी आणि वर धूर.

"देवीच्या कापडावर धुराडी?" मी विचारलं.

"काका, लहानपणी खिडकीतून तीच दिसायची. पोपट नाही दिसले कधी."

शनिवारी सकाळी निघालो. रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचा असतो. अक्कांनी थांब म्हटलं नाही आणि मी थांबू का म्हणून विचारलं नाही. प्रतीक्षाने चीर शिवली होती आणि पहिलं धुराडं निम्मं भरून झालं होतं. तो काळा धागा कारागिराच्या जुन्या भोकांतून जात होता. अक्कांच्या पाया पडलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आते मराले घाई करू नको."

घरी परतून आता चार दिवस झाले. बैठकीच्या भिंतीला नवा रंग लागला आहे आणि तिथे काहीही टांगलेलं नाही. काल कपाटातल्या सगळ्या कापडांच्या घड्या उलगडून पाहिल्या. बहुतेक रीतसर मिळालेली आहेत. एक नाही. रावेरजवळच्या एका घरातलं निळं जाजम, 'रंगांचा अभ्यास करतो आणि पाठवून देतो' म्हणून आणलेलं. त्याच्या एका टोकालाही हातभर कोरी पट्टी आहे. ती कशासाठी ठेवली आहे, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आज सकाळी ते धोतरात गुंडाळलं आणि तिकीट काढून आलो. बहुधा त्या घरातही मी मेलेलाच असेन.