रिकाम्या फ्रिगेटवरचा सुतार

बाबांना बहारीनला आणलं तेव्हा मला वाटलं होतं, महिनाभर कुरकुर करतील आणि मग रुळतील. तिसरा महिना लागला तरी त्यांच्या गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझारा चालूच होत्या. मध्येच थांबून विचारायचे, "माझा पासपोर्ट कुठंय रे?"

"ऑफिसात," मी ठोकून द्यायचो. पासपोर्ट माझ्या कपाटात होता. त्यांच्या रेसिडेन्ट कार्डासाठी मी त्यांना न विचारताच कागद जमवत होतो. आई गेल्यावर अलिबागजवळच्या त्या दोन खोल्यांत एकटे राहून ते करणार काय, हे मला कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "घर बंद ठेवलं की ओल धरतं." एवढंच. मला याचा संताप यायचा.

मी इथल्याच सित्रा भागात एका वर्कशॉपमध्ये प्लॅनिंग बघतो. रिकामा दिवस दिसला की त्यात एखादं काम कोंबायचं, ही माझी नोकरी. बाबांचे रिकामे दिवस मला बघवेनात. त्यातच इथल्या मराठी मंडळाच्या गणपती अंकाला लेख हवा होता. बाबांनी मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षं सुतारकाम केलेलं. तिथेच दोनशे वर्षांपूर्वी सागवानात बांधलेल्या एका फ्रिगेटची, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाची, अख्खी कारकीर्द मला इंटरनेटवर सापडली. प्रिंट काढून आणली आणि त्यांना म्हटलं, "मी वाचून अर्थ सांगतो, तुम्ही मराठीत लिहा."

कारकीर्द मजेदार होती. ही बया इंग्लंडला पोचेपर्यंत जिच्यासाठी बांधली ती लढाईच संपली. मग डोलकाठ्या उतरवून तिला नदीत बांधून ठेवलं, ती वीसेक वर्षं तशीच. पुढे दिवस पालटले. आमच्या याच आखातात गस्त, या बेटाजवळ समुद्राच्या तळातल्या गोड्या झऱ्यांचं पाणी भरून घेणं, गुलाम नेणाऱ्या जहाजाचा पाठलाग, एक भयंकर वादळ. म्हातारपणी तिच्यावर नवशिक्या खलाशांची शाळा भरायची.

सगळं ऐकून झाल्यावर बाबांनी विचारलं, "त्या वीस वर्षांत तिच्यावर कोण होतं?"

"कोणी नाही. बांधून ठेवली होती, सांगितलं ना."

"असं होत नाही. लाकडाचं जहाज आहे. कोणीतरी असणारच."

त्यांना गप्प करायला म्हणून मी फोनवर शोधलं, आणि ते खरं निघालं. असं जहाज बांधून ठेवलं की खलाशी, शिपाई सगळे उतरायचे. पण सुतार, आचारी असे दोन-चार जण वरच राहायचे, कधी बायकापोरांसकट.

"बघ," बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "सुतार उतरत नाही."

मग आठ दिवस ते जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. येरझारा थांबल्या, म्हणजे त्यांच्या. आता मी घालू लागलो. अंकाच्या संपादकबाईंचे दिवसाला दोन फोन. शेवटी बाबांनी चाळीस पानं माझ्या हातात ठेवली. पाठलाग दोन ओळींत. वादळ तीन. बाकी सगळी पानं त्या नदीत बांधलेल्या वर्षांची.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, यात काही घडतच नाही! कोण वाचणार?"

"घडतं की. वाच तर."

मी वाचलं नाही. पाठलाग रंगवला, वादळ रंगवलं, गोड्या झऱ्यांवर एक परिच्छेद माझ्या पदरचा घातला. मधल्या पानांऐवजी एक वाक्य टाकलं: "त्यानंतर वीस वर्षे जहाज वापराविना पडून होते." पाठवलं, खलास. वर मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचूनही दाखवलं.

"सुतार गेला वाटतं," बाबा म्हणाले.

"जागा नव्हती हो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॅग भरायला लागले. पासपोर्ट नाही, तिकीट नाही, आणि हा माणूस धोतरं घड्या करून ठेवतोय. मी कामावर जाऊन तिथल्या पोरांवर उगाच ओरडलो. दुपारी घरी आलो तर बायकोने ती वही माझ्या ताटाशेजारी आपटली. तिने ती सकाळीच वाचली होती. "आधी हे वाच, मग जेव," म्हणाली.

बाबांचं अक्षर मोठं, सुतारी पेन्सिलीचं.

"सकाळी उठून तळातले पाणी बघावे. झडपा उघडाव्या. ओल धरू देऊ नये. एकीकडेच तोंड करून ठेवली तर एका कुशीला ऊन लागते व दुसरी कुजते. यास्तव वेळ बघून तिला वळवावी. एकट्याला जड जाते. घाई केल्यास तिला लागते. कण्हली तर थांबावे, दोन शब्द बोलावे, मग पुन्हा वळवावी. किनाऱ्यावरून कोणी विचारल्यास सर्व ठीक आहे म्हणावे."

आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्या पाठीवर पडून राहिल्याने होते तशी एकही जखम नव्हती, हे डॉक्टरांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. मी त्याला नशीब समजलो होतो.

ताट तसंच ठेवून मी आतल्या खोलीत गेलो. बाबा बॅगेची चेन लावत होते.

"आईला किती वेळा कुशीवर वळवायचात?"

"दर दोन तासांनी."

"एकटे?"

"मग दुसरं कोण होतं?" हे ते टोमणा मारून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं उत्तर दिलं.

मी कपाट उघडून पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. ऑफिसातून कधी आणलास, असं काही त्यांनी विचारलं नाही. चाळून बघितला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला लाज वाटली, मी पलंगावर बसलो.

"बाबा, मी यायला हवं होतं."

"अरे, तुझी नोकरी," ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "आणि तुझा फोन यायचा की रोज. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा."

मी फोन फक्त शुक्रवारी करायचो. बाकीचे सहा दिवस त्यांनी तिला काय सांगितलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.