आबा इंग्लंडात राखीव

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या सुपारीला यायला नकार दिला, कारण मी त्यांना इंग्लंडमध्ये राखीव बसवलं होतं.

आबा इंग्लंडला कधी गेलेले नाहीत. हदगाव सोडलं तर त्यांची धाव नांदेडपर्यंत, तीही दवाखान्याचं काम निघालं तर. फुटबॉल त्यांनी आयुष्यात एकदाच जवळून बघितला, तो शाळेच्या पोरांचा होता आणि बैलानं शिंग घालून फोडला होता. (बैल आबांचाच.) तरीही ते इंग्लंडमध्ये राखीव होते, त्यांना तिथं बसवणारा मी होतो, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी हा माफी मागेल, या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस. दिवसभर नांदेडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो आणि संध्याकाळी खोलीवर येऊन फुटबॉलची म्यानेजरकी करतो. हा लॅपटॉपवरचा गेम आहे. यात बॉलला लाथ मारायची नसते. संघ निवडायचा, कोण कुठं खेळणार ते ठरवायचं, खेळाडू घ्यायचे-काढायचे, आणि मॅच सुरू झाली की नुसतं बघत बसायचं. खेळतो कॉम्प्युटर, इज्जत जाते आपली. (बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना, हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे गुत्तेदारी." अगदी बराबर, ठेकेदारीच!)

आता हा गेम सरळ खेळून माणूस कंटाळतो. मग जगभरचे लोक स्वतःलाच अवघड अटी घालून घेतात. कुणी फक्त डावखुरे खेळाडू घेतो, कुणी फक्त कोवळी पोरं, आणि मग इंटरनेटवर एकमेकांना फुशारक्या मारतात. मी म्हटलं, मराठवाड्याचा पदवीधर यात मागं कामून राहील? मी अट घातली: संघात एकच आडनाव. जाधव! आणि तेही हवेतले नाहीत. आमच्या भावकीतले, जिवंत, आधारकार्डवाले जाधव.

इंग्लंडच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला एक क्लब उचलला, त्यातले गोरे काढले आणि भावकी बसवली. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला वीसपैकी गुण द्यावे लागतात. वेग किती, दम किती, हिंमत किती. इथं मी प्रामाणिक राहिलो आणि इथंच घात झाला. बापूंना गोलकीपर केलं, कारण घरात आलेली वस्तू ते बाहेर जाऊ देत नाहीत, मग ती फुटकी बादली का असेना. आबांचा थोरला मुलगा बाळू सेंटर फॉरवर्ड, कारण काम सांगितलं की तो जेवढ्या वेगानं पळतो तेवढं गावात कुणी पळत नाही. माझ्या मायला स्काऊट केलं. (स्काऊटचं काम म्हणजे कुठल्या गावात कुणाचं पोरगं कसं आहे याची खबर ठेवणं. ती हे काम फुकट आणि आधीपासूनच करते.)

आणि आबा. वेग तीन. दम चार. सांघिक भावना एक, कारण शून्य गेम घेत नाही. आक्रमकता वीस, कारण एकवीसही घेत नाही. असा माणूस अकरात कसा बसणार? राखीव!

शेवटची अट अशी, की सीझन सुरू झाला की गुणांना हात लावायचा नाही. लावला तर लबाडी.

आणि काय सांगू, जाधव जिंकायला लागले! चिखलात, धुक्यात, गोऱ्यांच्या गावात जाऊन जिंकायला लागले. माझी छाती फुगली, आणि फुगलेल्या छातीनं मी संघाचं चित्र 'जाधव परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आधी अंगठे आले. मग फुलं आली. मग बाळूचा फोन आला.

"गजाभाऊ, आबा विचारून राहिले, मी कुठं हाय म्हून."

"खाली बघ. राखीव."

"राखीव, आबा!" बाळू तिकडं ओरडला. मग आबांचा आवाज, "राखीव म्हंजे?" आणि त्यावर बाळूनं दिलेलं स्पष्टीकरण मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही: "अकरा जण आत खेळतेत, आबा. तुमी बाहीर बाकड्यावर बसायचं."

फोन आबांनी हातात घेतला.

"गजा, गोलात कोण हाय?"

"बापू."

"धाकटा भाऊ घराच्या दारात. बरं. आन् सगळ्यात म्होरं कोण?"

"बाळू."

"म्हंजे लेक म्होरं, आन् बाप बाहीर! पंगत उठल्यावर उष्ट्यावर बसवायलास का मला?"

"आबा, पुढं-मागं म्हणजे मान नसतो. ज्याला जे जमतं—"

"मला काय जमत न्हाई?"

इथं शहाण्या माणसानं नेटवर्क गेल्याचं सोंग केलं असतं. मी पदवीधर! मी गुण वाचून दाखवले. सगळे. आकड्यांसकट.

मग आबा शांतपणे म्हणाले, "ऐतवारी स्वातीची सुपारी हाय ना? फोडा तुमी. मी राखीव हाय. मानसं कमी पडली तर आवाज द्या." आणि फोन ठेवला.

आता यातली गोम सांगतो. स्वाती माझी धाकटी बहीण, नायगावला नर्स. तिला लातूरचं स्थळ आबांनीच आणलेलं. पोरगा चांगला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, फोनवर बोलणं सुरू झालेलं. पण लातूरचे पाहुणे ओळखतात ते आबांना! सुपारी फोडायची म्हणजे थोरल्यानं समोर बसायचं असतं. थोरला घरात रुसून बसलाय म्हटल्यावर कुठला पाहुणा सुपारी फोडू म्हणेल? तो म्हणेल, या घरातच कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवारी मी एस.टी.नं गावी उतरलो. पाठीवर लॅपटॉप. उंबऱ्यातच मायनं धरलं.

"तीन कामून दिले रे? वीस देऊन टाकायचे. तुझ्या घरचे जात होते?"

"माय, खोटे गुण देता येत नाहीत."

"दहावीला तुला गणितात पस्तीस दिले ते खरे होते का?"

(हा विषय मी तिथंच सोडला. वाचकांनीही सोडावा.)

बापू म्हणाले, "मला काढ आन् त्यांना घाल गोलात."

"त्यांना वाकता येत नाही, बापू. आणि सीझन निम्म्यावर आलाय, क्लबच्या संचालक मंडळाची मला ताकीद आलीय. मागच्या काही मॅच हरलो. उद्याची हरलो तर मला काढून टाकतील."

हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पोरांना तिकडच्या थंडीत दम लागत होता.

स्वाती आतून आली. "म्हणजे भाऊ, माझं लग्न मोडलं तर चालेल, तुझा नियम मोडायचा नाही?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, स्वाती."

"तुझ्या तत्त्वाला लातूरला दे मग नांदायला!"

मी बधलो नाही. या घरात आजवर कुणाचं वय बघून, कुणाची मिशी बघून सगळं ठरत आलं. एक जागा, एकच जागा, मी गुणांवर चालवली होती. ती मी सोडणार नव्हतो.

रविवारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील सर होते, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आबा दिसेनात?"

आमच्या बापूंना खोटं बोलता येत नाही. खरंही धड बोलता येत नाही. ते म्हणाले, "ते जरा... इंग्लंडच्या भानगडीत हाईत."

"इंग्लंड?" सरांचा कप खाली आला.

मग सगळं सांगावं लागलं. सरांनी ऐकून घेतलं, उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चला." पुढं सर, मागं पाहुणे, त्यांच्या मागं सुपारीचं ताट घेऊन माय, आणि शेवटी लॅपटॉप घेऊन मी, अशी मिरवणूक आबांच्या घरी गेली. आबा ओसरीवर बाजेवर बसले होते, भिंतीकडं तोंड करून. कोरं धोतर मात्र नेसलेलं!

"रामराम आबा, काय तकलीफ झाली?" सर म्हणाले.

"कायबी न्हाई. अकरा मानसं पुरंनात का?"

सर जवळ बसले. "आबा, मी जन्मभर पोरं खेळवली. राखीव म्हणजे कमी नसतो. हुकमाचा माणूस असतो तो. शेवटाला काढायचा म्हणून झाकून ठेवतात."

आबा भिंतीकडून निम्मे वळले. "आस्सं? मग काढा की. कव्हा काढता?"

सगळी ओसरी माझ्याकडं बघायला लागली.

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि मॅच लावली. पाहुण्यांसकट दोन घरचे जाधव बाजेभोवती दाटले. देवाची कृपा बघा, बाळूनं गोल मारला! खरा बाळू ओसरीवर असा नाचला की सुपारीचं ताट मायच्या हातातून जाता जाता राहिलं. आम्ही एक-शून्यनं पुढं. मॅच संपत आली होती. माझी गादी वाचत होती.

"आता काढ," आबा म्हणाले.

"आबा, जिंकून राहिलो ना आपण! जिंकताना संघ बदलत नसतेत."

"म्हंजे हरल्यावर काढशील? माझ्या डोस्क्यावर फोडायला?"

"तुमचे गुण मी बदलणार नाही," मी म्हणालो. पाहुण्यांसमोर म्हणालो! "वेग तीन म्हणजे तीन."

तेव्हा स्वाती बोलली. "गुण नको बदलू. राखीव खेळाडूला आत पाठवणं नियमात बसतं ना?"

"...बसतं."

"मग बसव."

(नर्सिंगचा कोर्स तिनं माझ्यानंतर केला, पण डोकं तिचंच आधी चालतं.)

"एक जण बाहेर काढावा लागेल," मी शेवटचा प्रयत्न केला. "कुणाला काढू?"

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाळ्याला. बाप आला की लेक उठतो."

"आबा, म्या गोल मारलाय!"

"मंग झालं की तुझं काम."

मी बटण दाबलं. बाळू बाहेर, आबा आत. पडद्यावर खाली मॅचचं वर्णन इंग्रजीत येत होतं. मी एकेक ओळ मराठीत सांगायला लागलो. "आबा जाधव मैदानात आले... आबा पंचाशी बोलताहेत... पंचानं पिवळं कार्ड दाखवलं... आबा अजून बोलताहेत..."

मी थांबलो.

"म्होरं?"

"लाल कार्ड. तुम्हाला बाहेर काढलं, आबा."

मायनं डोळे मिटले. बापूंनी खांब धरला. आबांचा चेहरा लाल कार्डाच्या रंगाचा झाला.

"बॉलला पाय तरी लावला का म्या?"

"नाही."

"मग कशापायी?"

"पंचाला बोललात म्हणून."

"काय बोललो?"

"ते लिहिलेलं नाही."

आबा विचारात पडले. मिशीवरून हात फिरवला. "पंच गोरा व्हता?"

"हाव."

"त्याच्याच मुलखात? सगळ्या गोऱ्यांच्या म्होरं?"

"हाव, आबा."

आबा बाजेवरून उठले. वेग तीनच होता, पण ताठ उठले. "तिथं बी ऐकून घेतलं न्हाई म्या!" आणि सरांकडं वळून म्हणाले, "आणा ती सुपारी."

सुपारी फुटली. साखर वाटली. स्वाती आबांच्या पाया पडली. आणि त्या गडबडीत, दहाच जण उरलेल्या जाधवांनी दोन गोल खाल्ले. टाळ्या चालू असतानाच पडद्यावर संचालक मंडळाचा निरोप आला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात बाळूनं तो ओढून घेतला. (बाहेर काढल्याचा राग! त्याची आक्रमकता मी कमी दिली होती, ती मात्र चूक.) इंग्रजीत नापास झालेल्या त्या पोरानं ते एक वाक्य तेवढं न अडखळता समजून घेतलं आणि सगळ्या ओसरीला ऐकवलं: मॅनेजर गजानन जाधव यांना तत्काळ काढून टाकण्यात येत आहे.

"नोकरी गेली?" बापू हबकले. "नांदेडची?"

"नाही बापू, इंग्लंडची."

"तिथं बी व्हती का?" माय म्हणाली.

आबांनी तोंडात सुपारी टाकली. "मंडळ बराबर हाय. जिंकताना कोणी संघ बदलतंय का?"

मी लॅपटॉप मिटला. पण आबांचे गुणही बदलले नाहीत. ते आजही तसेच आहेत: तीन, चार, एक, वीस. कुणीही येऊन बघावं.

लग्न लातूरला झालं. मांडवात आबा मला हाताला धरून पाहुण्यांत फिरवत होते आणि प्रत्येकाला अभिमानानं सांगत होते, "ह्यो आमचा गजानन. घराण्यातला पैला पदवीधर. इंग्लंडला मोठ्या कामावर व्हता. काढून टाकला."

फेटेवाले एक म्हातारे पाहुणे हळहळले. "अरारा! किती वर्षं काढली मग तिकडं?"

"निम्मा सीझन," मी म्हणालो. खोटे आकडे मी सांगत नाही.