टायर कसे आहेत?

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी कानाला आठवते. निवृत्तीनंतर मी सांगलीत राहतो. दुपारी जरा आडवा झालो आणि रस्त्यावरून रुंद, ठोकळ्यांचे टायर घातलेली एखादी गाडी गेली, की ती गुणगुण खिडकीतून आत येते आणि मी अर्धवट झोपेत थेट माणदेशातल्या त्या माळावर पोहोचतो. बायको म्हणते, झोपेत हसता तुम्ही.

तेव्हा मी तिकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. परतीच्या पावसाचे दिवस होते. त्या कोरड्या मुलखात पाऊस मोजकाच पडतो, पण पडला की माळ भिजलेल्या घोंगडीसारखा जड होऊन पडून राहतो. हजेरी झाली होती, ठाणे अंमलदार डायरी लिहीत होता, आणि एक बाई निथळत आत आली.

तिचा नवरा मेंढपाळ, पन्नाशीतला. डोक्याला मार लागून बेशुद्ध होता. पिकअपमधून आलेल्या कोणा माणसाने त्याला ग्रामीण रुग्णालयाच्या स्ट्रेचरवर ठेवलं, ‘गाडी लावून येतो’ म्हणाला आणि परत फिरकलाच नाही. रुग्णालयाला कॅमेरा होता, पण तो भिंतीला शोभा म्हणून. नंबरप्लेट चिखलाने लिंपलेली. जखमीला पुढे सांगलीला हलवलं, मुलगा सोबत गेला आणि ही इकडे आली.

“आवं साहेब, माज्या धन्याला गाडीनं उडिवलं आन दारात टाकून पळाला त्यो,” ती म्हणाली. “त्यो घावंस्तवर मी हितनं हालायची न्हाई.” आणि ती खरोखरच ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली.

फिर्याद नोंदवून, तिचा नवरा ज्या माळावर मेंढरं चारायचा तिथे आम्ही पंचनाम्याला गेलो. रिमझिम चालू होती. कुठून तरी मेंढरांच्या घंटा वाजत होत्या, पण धुरकट हवेत मेंढरं दिसत नव्हती. एक गाडी डांबरी सोडून माळात उतरली होती, एका बाभळीपर्यंत गेली होती आणि तिथून वळून परत रस्त्याला लागली होती. बाभळीखालच्या दगडावर पावसाने पुसट झालेलं रक्त. आमची जीप त्या चिखलात हातभरही सरकेना, आणि ही गाडी आत जाऊन बाहेर आली होती. सगळे वाकून वाकून ठसे बघत होतो. रुंद ठसा, त्यात खोल ठोकळे.

“ऑल टेरेन टायर हायत साहेब,” हवालदार म्हणाला. “कसल्याबी रानात चालत्यात.”

पहिली खबर फाट्यावरच्या चहावाल्याने दिली. चार दारांची पांढरी पिकअप, फलटणच्या अंगाला निघालेली. “लांबनंच गुणगुणत आली. तसली गाडी दिसायच्या आदी ऐकू येती,” तो म्हणाला. हे टायर डांबरीवर आवाज करतात, हे मला तेव्हा कळलं. मग कुपवाडच्या टायर दुकानात चौकशी केली. तसल्या पिकअपला तसले टायर कोणी कोणी घातले, ते दुकानदाराने सांगितलं, आणि एकेका मालकाला मी गाडीसह ठाण्यावर बोलावलं.

चौकशीचा माझा एक रिवाज होता. पहिला प्रश्न कधी गुन्ह्याचा विचारायचा नाही. माणूस घरून त्याचं उत्तर पाठ करून आलेला असतो. म्हणून प्रत्येकाला विचारलं, “टायर कसे आहेत?”

एक वीटभट्टीवाला खुर्चीत पुढे सरकला. “डिझेल जरा जास्त खात्यात, पन चिखलात म्हशीगत चालत्यात.” तासगावकडचा द्राक्षबागायतदार म्हणाला, “आवाज लय येतोय. शेजारी बसल्याली बायकू काय बोलती, ऐकूच येत न्हाई.” जरा थांबून म्हणाला, “त्योबी फायदाच म्हना.” एकाने तर पावसात उभं करून मला खोबणी दाखवल्या. टायरच्या बाबतीत प्रत्येकाचा आपला तो बाब्या असतो. चांगले पैसे मोजून हौसेने आणलेल्या वस्तूला नावं ठेवणारा माणूस मला तरी भेटला नव्हता.

मग आष्ट्याजवळचा एक ऊसवाला आला. फौजेत ड्रायव्हर होता, डोंगरात गाड्या चालवलेला. गाडी आवारात लावून तो चाकाशी उकिडवा बसला होता. मी तिथेच जाऊन तोच प्रश्न विचारला.

“कसलं टायर साहेब, फसलो. निस्ता दिखावा. जरा ओल आसली की जागंवरच फिरत्यात. मी डांबरी सोडून उतरवतच न्हाई.”

बोलता बोलता तो पुढच्या चाकाच्या खोबणीत अडकलेला खडा नखाने अलगद काढत होता. गाईच्या कानातली गोचीड काढावी तसा. तोंड एक सांगत होतं, बोटं दुसरंच.

“मग चौकात टायरवाला आहे,” मी म्हटलं. “आत्ताच काढून टाकू. जुने बसवून जा.”

तो उठला. चाकावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, “मी उडवलं न्हाई साहेब. मी उचललं.”

फलटणला बहिणीकडे चालला होता. रस्त्यात मेंढरं उभी, धनी कुठंच नाही, आणि कुत्रं गाडीकडे बघून भुंकत माळाकडे पळतंय. तो कुत्र्यामागे गाडी घेऊन उतरला. पळून का गेला? त्याच्या थोरल्या भावाने एकदा असाच एक जखमी दवाखान्यात नेला होता. जमावाने त्यालाच बडवलं, जीप फोडली. “तवापास्नं आईनं शपथ घातली हुती. उचलाय गेलो, पन थांबायची छाती झाली न्हाई.”

पायरीवरच्या बाईने हे ऐकलं. “उडिवल्याबिगर कोन उचलतंय?” ती म्हणाली. माझा त्याच्यावर विश्वास बसला होता, पण विश्वास पुरावा म्हणून कागदाला जोडता येत नाही. मेंढपाळ दगावला असता, तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती आणि कागद मीच केले असते.

मेंढपाळ दगावला नाही. तो शुद्धीवर आल्यावर मी जबाबाला गेलो. टायरबद्दल अवाक्षर काढलं नाही. “मामा, काय आठवतंय?” एवढंच विचारलं.

“पडलो कसा, ते न्हाई आठवत,” तो छताकडे बघत म्हणाला. “मी पडल्यालो. तोंडावर पानी पडतंय. घंटा वाजत्यात. मग लांबनं गुनगुन आली. वाटलं, माशांचं मव्हळ उठलंय. जवळ आली आन बंद झाली. मंग मला कुनीतरी उचललं, आन परत तीच गुनगुन. लय गोड झोप लागली बगा.”

म्हणजे तो आधी पडला होता आणि आवाज नंतर आला होता. तरी ती गुणगुण याच पिकअपची होती ना, याची खात्री करायची होती. त्याला घरी सोडलं त्या दिवशी आधी आमच्या जीपमध्ये बसवून आवाज ऐकवला. तो मान हलवून नाही म्हणाला. मग पिकअपमध्ये बसवलं. त्याची बायको मागे, घट्ट तोंड करून. गाडीने वेग धरला, गुणगुण सुरू झाली, आणि मेंढपाळाने डोळे मिटले. “ह्योच,” तो म्हणाला.

माळावर बाभळीखाली आम्ही थांबलो. ऊन पडलं होतं. तो मान वर करून म्हणाला, “आरं, माजा कोयता!”

वर एक फांदी अर्धी मोडून लोंबत होती आणि तिच्या बुंध्यात कोयता रुतलेला होता. मेंढरांसाठी फांदी तोडायला तो चढला होता. पंचनाम्याला आलो तेव्हा आम्ही सगळे पोलीस त्या झाडाखाली उभे राहून खालीच बघत होतो. ठसे मिळाले की माणूस वर बघत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून न्यायालयात प्रकरण बंद करायची ‘क’ समरी पाठवली.

घरी पोहोचल्यावर बाईने नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आत गेली, दुसरा तुकडा आणला, आणि पिकअपच्या पुढच्या चाकावरून ओवाळला. फौजी ड्रायव्हर तोंड फिरवून उभा राहिला. माझेही डोळे भरून आले होते.

परतताना मी त्याच्याच गाडीत बसलो. माळ मागे सरत होता, चाकं गुणगुणत होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, “टायर कसे आहेत?”

त्याने माझ्याकडे बघितलं. “लय भारी हायत साहेब,” तो म्हणाला, आणि मग बोलतच राहिला. चिखल, खडी, डोंगर, पावसातली पकड. मी डोळे मिटून ऐकत होतो. फाटा कधी आला, मला कळलं नाही.