शेवटची सहा पानं

आमच्या वाचन मंडळाचे नियम मी केलेत आणि ते कडक आहेत. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर नियम केल्याशिवाय मला चैन पडत नाही. महिन्याला एक पुस्तक, आणि आठ जणींत मिळून त्याची एकच प्रत. प्रत्येकीने आपापली प्रत घेतली की ती कपाटात जाते आणि बाई न वाचताच बैठकीला येते, हे मी पाहिलेलं आहे. पुढची बाई पुस्तकाची पिशवी न्यायला दारात उभी असली की आधीची झक मारत वाचते. दुसरा नियम याहून कडक. बैठकीच्या दिवसापर्यंत पुस्तकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाजारात भेटलात तर भाजीबद्दल बोला.

या दोन नियमांचा मला फार अभिमान होता. गेल्या डिसेंबरात त्या दोघांनी मिळून माझं तोंड बंद केलं.

पुस्तक सुचवलं होतं मंडळातल्या भाभींनी. त्यांच्या घरचं कर्जतच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बसून त्या माझ्याहून जास्त वाचतात. म्हणाल्या, "बाई, मुलांची कादंबरी आहे, जादूची. माझ्या नातवाच्या वर्गात सगळी पोरं वाचतायत." मी नाक मुरडलं. आठ जणींत पाच आज्या, आणि आम्ही आता जादू वाचायची? पण हात वर करून मत घेतलं तेव्हा मी एकटी पडले. भिसेगावात माझ्या घरी बैठक होते, चहा माझा, कांदेपोहे माझे, आणि ऐकायचं मात्र सगळ्यांचं.

गोष्ट अशी होती. एका मुलीची आई धबधब्यामागे नाहीशी होते. तिला शोधायला मुलगी एका बोलणाऱ्या खेकड्याबरोबर धबधब्याच्या पलीकडच्या देशात जाते. तिथे गेलेल्या माणसाला मागचं काही आठवत नाही. अडचणी सोसत मुलगी आईपर्यंत पोचते, तिला एकेका गोष्टीची आठवण करून देते, आणि दोघी हातात हात घालून धबधब्यापाशी येतात. मग येतं शेवटचं प्रकरण. त्यात आई हात सोडते. मला सगळं आठवलं, म्हणते, पण मी इथेच राहते, तू जा. मुलगी एकटी परत येते.

मी वाचून सुन्न झाले. पुस्तक मिटलं आणि बराच वेळ चहा करायलाही उठले नाही. नंतर मात्र मला ते पटलं. मुलांना सारखं गोड गोड का भरवायचं? खरं सांगावं, हे माझं शाळेतलंही मत होतं.

सगळ्यांत आधी मी वाचलं. मग खोपोलीच्या निवृत्त नर्सबाईंनी, मग भाभींनी, आणि चौथ्या मावशी. मावशी म्हणजे आमच्या सोसायटीत तांदळाचे पापड घेऊन येणाऱ्या. चौक गावाच्या रस्त्याला त्यांचं खेडं आहे. एकदा पापड द्यायला आल्या तेव्हा बैठक चालू होती. उंबऱ्यात बसून सगळं ऐकलं आणि निघताना म्हणाल्या, "मला बी द्याल काय वाचायला? सातवी झालीय माजी." तेव्हापासून त्या आमच्यातल्याच झाल्या. घरी त्या आणि त्यांची नऊ वर्षांची नात. मुलगा दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला. सून वर्षभरातच लग्न करून घाटावर गेली आणि पोर सासूच्या गळ्यात टाकून गेली, असं आम्ही सगळ्या म्हणायचो. कसली आई, असं मी स्वतः म्हटलेलं आहे. मावशी त्यावर कधी काही बोलल्या नाहीत, म्हणून ते खरंच असणार असं आम्ही धरून चाललो.

आणि एवढं सगळं ठाऊक असून त्यांच्या हातात ते पुस्तक देताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. नियमाप्रमाणे पिशवी पुढे गेली, बस.

शनिवारी दुपारी चारला बैठक बसली. शेलूहून येणाऱ्या मुलीने सुरुवात केली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण आमच्यात ती मुलगीच. ती म्हणाली, "मला इतकं आवडलं! आणि शेवट किती गोड."

नर्सबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "गोड? आई पोरीला टाकते, त्यात तुला काय गोड लागलं?"

"टाकते कुठे? दोघी हात धरून परत येतात की."

"कोण परत येतात?"

"आई आणि मुलगी!"

"अगं, तू वाचलंस की नुसती चित्रं बघितलीस?" नर्सबाईंनी सरळ विचारलं. तिचा चेहरा लाल झाला. पण तिच्यानंतर वाचलेल्या तिघीही तिच्याच बाजूने उभ्या राहिल्या. शेवट गोडच आहे, उलट जरा जास्तच गोड आहे, असं त्यांचं म्हणणं. इकडून भाभी म्हणाल्या, "मी तर नातवाकडून पुस्तक काढून घेणार होते. आई असं वागते हे पोरांना वाचायला द्यायचं?" मला भाभींचाही राग आला आणि त्या चौघींचाही. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की मुलांपासून खरं लपवणं हा भित्रेपणा आहे, हे पुस्तक धीट आहे, आणि ज्यांना शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा येतो त्यांनी निदान तसं कबूल करावं.

"बाई, मी शेवटचं पान दोनदा वाचलंय," शेलूची मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"दाखव," मी म्हटलं, आणि पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढे टाकलं.

तिने उघडून दाखवलं. हातात हात, धबधब्याचं पाणी, आणि त्यानंतर मागचं पुठ्ठ्याचं पान. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि शिलाईपाशी बोट फिरवलं. सहा पानं ब्लेडने कापलेली होती, इतकी सरळ की मुद्दाम बघितल्याशिवाय कळू नये. महिनाभर आम्ही दोन वेगवेगळी पुस्तकं वाचत होतो आणि माझ्याच नियमामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता.

"मी काढली," मावशी म्हणाल्या.

पुस्तक फाडणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. समोर साठीची बाई आहे हे विसरून मी तशीच कडाडले. "तुम्ही? पुस्तकाला ब्लेड लावलंत? तुम्हाला नसेल आवडलं, पण बाकीच्यांनी वाचायचं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?"

"नातीला वाचून दाखवत व्हते, बाई. रोज चार-चार धडे. शेवटचा आधी मी वाचला आन मग काढला. तिला सांगितलं, दोघी घरी आल्या."

"पण मावशी, कधीतरी तिला खरं कळणारच ना? आई सोडून गेली हे..."

मी तिथे थांबायला हवं होतं. मावशींनी पदर नीट केला. त्यांचा आवाज चढला नाही.

"खरं त्या पुस्तकात नाय, बाई. त्यातली आई आपल्या मनानं राहते. आमची नाय राहिली. मी पाठवली तिला. सव्वीस वरसाची पोर, काय करणार व्हती माज्या घरात? तिच्या आईबापाला बी नको व्हतं दुसरं लगीन. मीच सोयरीक बघितली, मीच तिचे पाय धरले. नव्या सासरच्यांची अट व्हती, पोर नको, घरात तिचं नाव बी काढायचं नाय. मी म्हटलं, पोर मी ठेवते. आन तिला मीच शपथ घातली, वरीसभर फोन करायचा नाय. पोरीचा आवाज ऐकला तर पळून येईल ती."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"पोरीला सांगितलंय, आई पुण्याला कामाला गेलीय. तुमी सगळ्या तिला नावं ठेवत व्हता तवा मी गप बसले, माजं चुकलं. पण माज्या नातीनं तिला नावं ठेवलेली मला चालायची नायत. म्हणून काढली पानं. फाडून टाकली नायत, घरी हायत. कवा बी येऊन न्या."

त्या उठून गेल्या. त्यांचा चहा तसाच राहिला होता. नर्सबाई, ज्यांनी उभा जन्म वॉर्डात काढला, त्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. मला स्वतःची इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

चार दिवसांनी मी टमटमने त्यांच्या गावी गेले. पानं हे निमित्त होतं, मला माफी मागायची होती. मावशी घरी नव्हत्या, पापड द्यायला गेल्या होत्या. नात ओटीवर बसून खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवरून कोंबड्या हाकलत होती. मला ओळखून म्हणाली, "आजी यील आता. पाणी देऊ?"

मी म्हटलं, "आजीकडे पुस्तकाची पानं आहेत, ती न्यायला आलेय." म्हटल्यावर जीभ चावली. पण ती आत गेली आणि पानं घेऊन आली, स्वतःच्या दप्तरातून. एका वहीत घालून नीट ठेवलेली होती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"आजीनं तांदळाच्या डब्यात ठेवली व्हती. तांदूळ घ्यायला मीच जाते." माझ्याकडे बघून तिने घाईने सांगितलं, "आजीला सांगू नका हां. मी वाचली म्हणून कळलं तर ती रडंल."

मी ओटीवर तिच्याशेजारी बसले. मी बैठकीत विचारते तेच विचारलं. कसं वाटलं पुस्तक?

"शेवट चुकलाय," ती म्हणाली. "ती मुलगी नुसती गप उभी राहते. असं नाय व्हत."

"मग कसं होतं?"

तिने एक कोंबडी हाकलली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

"आई नाय जाणार म्हणत व्हती. आजी पाया पडली तरी नाय. त्यांना वाटायचं, मी झोपलेय. रोज रडायची. मग मी तिला म्हटलं, तू जा. मला आजीच पायजे, तू नको. असं म्हटलं तवा गेली."

"तू नको म्हणालीस?"

"तसं नसतं म्हटलं तर गेलीच नसती ना." नऊ वर्षांची पोर मला समजावून सांगत होती. "पण आता ती फोन बी करत नाय. बाई, रागावली असंल काय माझ्यावर? तिला खरंच वाटलं असंल, मला ती नको हाय म्हणून."

पस्तीस वर्षांत मुलांनी मला कितीतरी प्रश्न विचारले. याला माझ्याकडे उत्तर होतं, मला ते ठाऊकही होतं, आणि ते द्यायचा हक्क माझा नव्हता. एक वर्ष या घरात दोघी जणी एकमेकींना जपत बसल्या होत्या. आजीला वाटत होतं आपण पाठवलं, आणि नातीला वाटत होतं आपण हाकललं.

मावशी रिकामी टोपली घेऊन अंगणात आल्या. मला पाहून थबकल्या, मग माझ्या हातातली पानं त्यांना दिसली. नात खाली मान घालून बसली. मी माफीबिफी सगळं विसरले. पोरीला म्हटलं, "मला सांगितलंस ते आजीला सांग. मी आहे इथे."

तिने सांगितलं. फार हळू, पण सगळं सांगितलं. मावशींनी टोपली खाली ठेवली. त्या तिथेच अंगणात मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं माजे बाय, तू कशाला गं म्हणलीस? तू कशाला?" त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग मावशींनी डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात केला. "बाई, तुमचा फोन द्या. माजा नंबर दिसला तर ती उचलणार नाय, शपथ हाय तिला."

वर्षभर न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्या एकेक आकडा सांगत गेल्या आणि मी दाबत गेले. मग फोन त्यांनी स्वतःच्या कानाला न लावता नातीच्या हातात दिला. मी स्पीकर लावून ठेवला होता. बराच वेळ वाजला. घाटावर एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि खूप माणसं बोलत होती.

"कोन बोलतंय?"

पोरीने एका दमात म्हटलं, "आई, ते मी खोटं बोलले व्हते."

पलीकडे काहीतरी आदळलं. मला वाटलं, ठेवला. मग त्या भरल्या घरात, जिथे या पोरीचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं, तिथे ती बाई मोठ्याने कुणाला तरी म्हणाली, "तेवढा गॅस बंद करा हो कुनीतरी. माझ्या लेकीचा फोन हाय."