सोवळ्याचं लुगडं

वालावलच्या वाडीत सातेरी देवीच्या नवरात्रातला नैवेद्य सासूमागे सीतावहिनीच रांधत. विहिरीवर न्हायचं आणि ओल्या लुगड्यानिशीच चुलीपुढे बसायचं, ही घरची रीत. सोवळ्याचं लुगडं एकच. सणावारी धाकटी जाऊ सारिकाही तेच नेसायची. दमट हवेत ते कधी धड वाळतच नसे.

यंदा श्रावणात वहिनींच्या कमरेला, निऱ्या खोचतात तिथेच, गोल चट्टा उठला. कडा लाल, मध्ये निवळलेला. खाज अशी, की जप करताना मणी चुकायचे. दाखवला तो फक्त सारिकाला.

"उष्णता ती, वयनी! ह्या लाव." तिने अर्धी पिळलेली ट्यूब हातात ठेवली. "आणि कोणाक सांगा नको हां."

चट्टा विझला आणि दुप्पट पसरून परत आला. घटस्थापनेच्या तोंडावर गुरव धनेश दारात उभा. "वयनी, यंदा नैवेद्य सारिका करतली. तुमच्या अंगार नायटो आसा म्हणतत..."

वहिनींनी आत पाहिलं. सारिका तांदूळ निवडत होती. मान वर झाली नाही.

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "ही उष्णता नाही, बुरशी आहे. ह्यातलं स्टिरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. दुसरं मलम देते. कडेच्या बाहेरही लावा, चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत सोडू नका. अंगावर ओलं नको, दुसऱ्याचं नेसलेलं नको. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही हो."

"मग ही ट्यूब तुमच्या हाती आली तेव्हा भरलेली होती?"

गेल्या वर्षीच्या गणपतीत तेच लुगडं नेसलेली, सारखी कमरेशी हात नेणारी सारिका त्यांना आठवली.

अष्टमीला सारिका ओलेत्याने देवळात आली. एका हातात ताट, दुसरा निऱ्यांपाशी. वहिनी तिच्या कानाशी गेल्या. "ओरोसाक चल गो माझ्यावांगडा. तुझा जावक नाय तर माझा पण जावचा नाय."

"माका काय झाला?" सारिका बायकांना ऐकू जाईल अशी हसली. "आपला ता माका चिकटवतस?"

वहिनींनी देवीला हात जोडले. घरी आल्या, कोरडं लुगडं नेसून घरच्या देवांपुरता भात रांधला. मग घरापुढच्या खळ्यात दुसरी दोरी बांधली. सारिका घरात आल्यापासून दोघींची लुगडी एकाच दोरीवर वाळत होती.