उधव्याच्या अकरा चादरी

माझ्या थोरल्या दिरांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि हाच माणूस गेली तीस वर्षं लोकांना स्वस्थ बसायला शिकवतो आहे. योगशिक्षक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो कोणी मंद हसणारा, सावकाश बोलणारा गृहस्थ आला असेल, त्याला आधी बाजूला करा. आमचे भाऊजी चहा उभ्याने पितात, जेवताना दोनदा उठून पाण्याची मोटर बंद झाली का ते बघून येतात, आणि झोपेत कूस बदलली की शेजारच्या खोलीत मला जाग येते. सरावलीला आमची चिकूची वाडी आहे. तिथेच घरामागच्या शेडमध्ये पहाटे साडेपाचला त्यांचा वर्ग भरतो. अनुलोम-विलोम चालू असताना फोन वाजला, तर एक नाकपुडी दाबलेली तशीच ठेवून ते गेंगाण्या आवाजात पाणी कुठल्या ओळीला सोडायचं ते सांगतात. श्वास मोजून देताना बाकीच्यांचा श्वास अर्धा आत असतो तोवर यांचे दहा आकडे होऊन गेलेले असतात. डहाणूच्या बाजारातले एक गुजराती किराणावाले शेठ एकदा धापा टाकत म्हणाले, "गुरुजी, पहेलां तमे तो श्वास लो!" भाऊजी खेकसले, "मी शांतच आहे शेठ! तुम्ही शांत व्हा!"

एकदा वृक्षासन शिकवत होते. एक पाय दुसऱ्या मांडीला लावलेला, हात आकाशात जोडलेले. तेवढ्यात पलीकडच्या झाडावर गडी चिकू उतरवताना दिसला. "अरे, नखाने खरवडून बघ आधी! आत हिरवं दिसतंय ना? मग ठेव ते झाडावर!" असं ते त्या एका पायावर उभ्याउभ्याच ओरडले, चांगलं दोन मिनिटं ओरडले, आणि जराही डगमगले नाहीत. वर्गातले सहा जण मात्र दचकून खाली आले, आणि लक्ष नाही म्हणून त्यांनाच बोलणी बसली. पण खोटं कशाला बोलू, शिकवतात उत्तम. माझा खांदा धरला होता तेव्हा चार महिने त्यांनी रोज ओरडून ओरडून मला हात वर न्यायला लावला. मी मनात काय काय शिव्या दिल्या ते सांगत नाही, पण आज वरच्या फळीवरचा डबा माझा मी काढते.

रविवारचा वर्ग मात्र तलासरीच्या पुढे, उधव्याला. तो मुळात माझ्या जाऊबाईंनी सुरू केलेला. शेतात राबणाऱ्या बायकांच्या पाठी दुखतात, त्यांना कोण शिकवणार, म्हणून दर रविवारी दोघं नवरा-बायको जायची. दोन वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या. तिसऱ्याच रविवारी भाऊजी गाडीची किल्ली घेऊन दारात उभे. मी म्हटलं, मी चालवते. त्यांच्या हातात गाडी दिली की ते महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना काच खाली करून संयम शिकवायला लागतात. तेव्हापासून मी चालवते, ते बाजूला बसून ब्रेक दाबतात.

उधव्याला त्यांचं कोणी घाबरून ऐकत नाही. भर लावणीच्या दिवसांत त्यांनी पुढे वाकायचं आसन घेतलं, तेव्हा लखमीआजी, तिथली सगळ्यांत म्हातारी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरजी, आठ दीस चिखलात वाकूनच हाव आमी. पाठ सरळ कराचा काय असंल तं सांग." भाऊजींनी आठवडाभर खपून पुढच्या रविवारी सगळा क्रम उलटा बांधून नेला, आणि शेवटी लांबलचक शवासन. बायकांना ते इतकं आवडलं की त्या त्याच्यासाठीच येऊ लागल्या. दिवसाउजेडी निजायला मिळतं आणि कोणी बोलत नाही, हे सुख त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग गेल्या थंडीत भाऊजींना प्रेमाचं भरतं आलं. शाळेच्या ओट्यावर वारा लागतो, बायका कुडकुडतात, म्हणून जाऊबाईंच्या कपाटातल्या अकरा चादरी त्यांनी नेल्या. पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या. अकरा बायका ओळीने निजवल्या, एकेकीला चादर घातली. माश्या बसत होत्या म्हणून तोंडावरूनही ओढून दिली. वातावरण प्रसन्न व्हावं म्हणून उशाशी उदबत्ती लावली, आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसले. मी गाडीत भाजी निवडत होते, नाहीतर वेळीच ओरडले असते. तेवढ्यात मोटरसायकलवरून गावातला एक जण आला. त्याने ओट्याकडे पाहिलं, गाडी तिथेच टाकली आणि बोंब मारत पाड्याकडे धावत सुटला. पाच मिनिटांत सगळं गाव हजर! एका बाईचा चांगला मिशीवाला लेक छाती बडवत आला, त्याने आईच्या तोंडावरची चादर ओढली. झोपमोड झालेली आई उठून बसली आणि तिने त्याच्या एक मुस्काटात ठेवून दिली.

त्या दिवशी सगळे हसले. पण त्याच आठवड्यात एकीचं रेडकू मेलं, दुसरीची सासू पाय घसरून पडली, आणि बोलणं सुरू झालं की जिवंतपणी मढ्याची चादर घेतली ती बाधली. पुढच्या रविवारी ओट्यावर एकही बाई नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. भाऊजी तरी जायचे, रिकाम्या ओट्यावर तासभर बसायचे आणि परत यायचे. मला म्हणाले, "शैला, तिचं एवढंच काम माझ्या हातात होतं. तेही मी घालवलं." यांनी ओरडावं, चिडावं, ते काहीच नाही. मला फार भीती वाटली. हा वर्ग कायमचा मोडला असता तर हा माणूसही मोडला असता.

पाचव्या रविवारी लखमीआजी आली. मागे पाच-सहा जणी, जरा लांबच उभ्या. आजी म्हणाली, "गुरजी, पयला तू नीज."

"मी?"

"तूच. आमी बघताव. धडधाकट उठलास तं आमी येऊ."

"लखमीबाई, हे सगळं मनाचे खेळ—"

"नीज म्हनते ना!"

भाऊजी मुकाट्याने आडवे झाले. आजीने गाडीतल्या त्याच पांढऱ्या चादरींतली एक मागवून त्यांच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत. पहिली दोन मिनिटं बोटं चाळवत होती. मग एक डोळा उघडून, "शैला, गाडीची काच लावलीस का?" "गप नीज," आजी म्हणाली. हळूहळू बोटं थांबली. पाय बाजूला कलंडले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हा माणूस इतका निश्चल मी कधी पाहिला नव्हता. बायका पुढे सरकून वाकून बघायला लागल्या. मी हाक मारली. आजीने त्यांच्या नाकापाशी हात धरला आणि आम्हाला खुणेने गप्प केलं. मग एकीने तिथे आलेल्या कोंबड्या हाकलल्या, दुसरी त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे पाठ करून उभी राहिली. असा जवळजवळ तास गेला.

भाऊजी उठले ते इकडेतिकडे बघत, कुठे आहोत ते न कळल्यासारखे. डोळ्यांच्या कडांपासून कानापर्यंत ओल होती. "उठला," आजीने जाहीर केलं. "येत्या रविवारी येताव." बायका हसत, बोलत निघून गेल्या.

मी ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते चादरीची घडी घालत होते, नेहमीसारखी भराभर नाही, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"ती गेल्यापासून अशी पाठ टेकलीच नव्हती गं," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगायचो, अंग सोडा, भार जमिनीवर सोडा. मला वाटायचं, मी सोडलं तर तीही हातातून सुटेल."

मला रडू आवरेना. तरी विचारलं, "मग?"

"नाही सुटली," भाऊजी म्हणाले, आणि जायची काही घाई न करता तिथेच बसून राहिले.