एक लाख एक

पस्तीस सालाच्या आगेमागे, नाशकात आमच्या आळीतल्या आम्ही दहा सवाष्णींनी देवीला कुंकवात माखलेल्या अक्षता मोजून वाहायचं ठरवलं. लाख दाणे, प्रत्येकीचे दहा हजार. पण देवीपुढे संकल्प सोडताना शेजारच्या काकू 'एक लाख एक' म्हणाल्या. वरचा एक घातल्याशिवाय त्यांना शुभ काही बोलताच येत नसे! देवीपुढे बोललेला आकडा आता फिरवता येईना, आणि सगळ्यांचे दाणे सारखेच हवेत असंही आम्ही त्याच दमात बोलून बसलो होतो. वरचा दाणा कुणाचा, यावरून दोघींनी अबोला धरला.

माझ्या नणंदबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. कुंकवाच्या कार्याला त्यांना कोण बोलावतंय? पण गणितात त्यांचा भारी जीव. भावाच्या शाळेच्या पुस्तकांवरच त्या शिकल्या होत्या. मी आकडा सांगितला, तशा पाटी घेऊन बसल्या. तिनाने दोन उरले, साताने सहा. अकराने मात्र भाग चोख गेला, नऊ हजार एक्याण्णव. तेवढ्यावर थांबतील तर वन्सं कसल्या! दोन दिवस त्या नऊ हजार एक्याण्णवच्या मागे लागल्या. एकसष्टाने दोनच उरले, एकाहत्तराने तीनच. पंच्याण्णवपर्यंत तपासलं की पुरे, असं त्यांनी मला समजावलं. मला कळलं नाही, पण पटलं. त्या नादात माझ्या पोळ्या तेवढ्या करपल्या.

"वहिनी, हा फुटायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "अकरा जणी घ्या, नाहीतर नऊ हजार एक्याण्णव जणी गोळा करा."

काकू निवडायचे तांदूळ सुपात घेऊन घरी आल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी लगेच अकरावी म्हणून समोरच्या घरातल्या सुनेचं नाव काढलं. वन्सं पाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"अकरावी आमच्या वन्सं," मी म्हटलं.

"अगं, कुंकवाला हात लावायचाय तिथे!"

"मग मीही नाही. संकल्पात माझं नाव घेतलंय, माझ्याजागी दुसरी चालत नाही. राहिलेल्यांत तुमचा आकडा बसवून दाखवा."

काकूंनी बोटांवर हिशेब करून पाहिला. मग त्यांनी तांदळाचं सूप वन्संकडे सरकवलं. "मोज बाई. तुटका दाणा नको."

वन्संनी आपला वाटा तीनदा मोजला, स्वतःच्या हाताने कुंकवात माखला आणि आमच्या रांगेत बसून वाहिला. मला रडूच आलं. नंतर सगळ्या जेवायला बसलो, तर या म्हणतात, माझा उपास आहे. उपास कसला! बोटं लाल झाली होती, आणि जेवायचं तर हात धुवावे लागले असते.